हातभर फट

निशा आमगावला ईश्वरदासच्या दुकानात पोचली तेव्हा तो पाण्याच्या मोटरीत तांब्याची तार भरत बसला होता. तिनं स्कूटी बाहेर लावली, हेल्मेट काढलं आणि दारातच उभी राहिली. भावाच्या, भूपेंद्रच्या तेरवीनंतर ती पहिल्यांदाच इथं आली होती. मध्ये साडेचार महिने गेले होते.

"बस," ईश्वरदास म्हणाला. मान वर केली नाही.

"काका, तो पट्टा पाह्यजे मले. पान्यात उतरताना बाजूनं सिलिंडर लावायचा. तुमच्याजवळ आहे म्हने दादा."

ईश्वरदासचा हात थांबला. पासष्टीचा माणूस, अंगानं अजून दणकट, पण उजव्या कानानं जवळजवळ बहिरा. तरुणपणी तो नौदलात पाणबुड्या होता. तिथून सुटल्यावर बरीच वर्षं धरणांच्या दारांची, मोठ्या पाइपांची पाण्याखालची कामं त्यानं केली आणि शेवटी आमगावला येऊन मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. भूपेंद्रला पाण्यात उतरायला त्यानंच शिकवलं. पुढे भूपेंद्र चार वर्षं कोकणात पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवत राहिला, धाकट्या बहिणीलाही तिथं नेऊन शिकवलं, आणि मग एके दिवशी सामान बांधून कामठ्याला परत आला. जिल्ह्यात दर पावसाळ्यात माणसं बुडतात, त्यांना काढणारं कुणी नाही, म्हणाला. तेव्हापासून कुठे तलावात, कालव्यात, खदानीत कुणी बुडालं की फोन भूपेंद्रला यायचा.

"कायले पाह्यजे?" ईश्वरदासनं विचारलं.

"बेहडाटोल्याच्या मोरीत जायचं आहे."

"नाई."

"काका..."

"नाई म्हनलं ना, पोरी. एक गेला तो गेला. दुसरा गेला तो माह्या हातचा होता. आता तू कायले?"

निशा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तो आत काम करत राहिला. तासाभरानं गिऱ्हाईक आलं, मोटर घेऊन गेलं. ती तिथंच होती.

बेहडाटोल्याचा तलाव जुना, कोहळी समाजातल्या कुणा पूर्वजानं बांधलेला. लांबलचक मातीची पाळ, आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडणारी दगडी मोरी. गेल्या सप्टेंबरात सतत पाऊस होता. वाहून आलेलं एक लाकूड मोरीत घुसलं, दार अर्धवट उघडं अडकलं आणि खालच्या धानात पाणी चढू लागलं. पाणीवाटपाच्या मंडळातला गोवर्धन कमरेला दोर बांधून लाकूड काढायला उतरला. ज्या पूर्वजानं तलाव बांधला त्याच घरचा तो. एकतीस वर्षांचा. आत ओढणाऱ्या पाण्यानं त्याला मोरीत खेचलं, दोर तुटला, आणि मागोमाग मोरीच्या छताचा एक दगड खचून खाली आला. पाणी तेवढ्यात थांबलं. दगडापलीकडे लाकूड आणि गाळ तटून मोरीच बंद झाली होती.

तिसऱ्या दिवशी भूपेंद्र गेला. पाळीवर दोर निशाच्या हातात होता. दोराची भाषा दोघांची पाठ होती: एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे ओढ. आत गेल्यावर बऱ्याच वेळानं दोन हिसके आले. तिनं दोर सोडला. पुन्हा काही आलं नाही. वेळ संपत आला तशी ती ओढायला लागली, दोर हलेना. शेवटी आठ माणसांनी ओढून त्याला बाहेर काढलं. पाठीवरचं सिलिंडर त्यानं उतरवून पुढे ढकललेलं होतं, तोंडातली नळी निघालेली होती. एकच सिलिंडर, एकच नळी.

गोवर्धन आतच राहिला.

चार इंजिनं लावून तलाव उपसायचा प्रयत्न झाला. आठवड्यात पाणी दोन हात उतरलं आणि थांबलं. पाळ फोडायला कुणी तयार नव्हतं, तीन गावांच्या विहिरी त्या तलावावर होत्या. उन्हाळ्यात पाहू, असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही. गोवर्धनची आई शकुंतलाबाई मुलाची तेरवी करेना. लोकांनी समजावलं, दर्भाचा पुतळा करून उरकता येतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "गवताले कायले जाळू? माहा पोरगा तिथं आहे, मले ठिकान माहीत आहे."

दर आठवड्याला ती एसटीनं कामठ्याला यायची आणि निशाच्या आईजवळ, शांतीबाईजवळ ओसरीत बसायची. दोघी फारसं बोलत नसत. शांतीबाई चहा करायची, शकुंतलाबाई अर्धा प्यायची. निशा ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढायचं काम करत असे. ती दुपारी जेवायला घरी आली की दोघी तिला तशाच दिसत. शकुंतलाबाईनं तिला कधी एका शब्दानं काही मागितलं नाही. पण ती निघताना निशाच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि तो हात निशाला संध्याकाळपर्यंत जाणवत राहायचा.

उन्हं कलली तेव्हा ईश्वरदास बाहेर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"भूपेंद्रनं मागतला होता तो पट्टा," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. मी म्हनलं, तलावात कायले पाह्यजे तुले? उघडं पानी आहे, पाठीवर एक बस झालं. दिला नाई."

निशाला हे माहीत नव्हतं.

"दिला असता तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग उठला. "ये, आत ये."

माळ्यावरून त्यानं एक गोणपाट काढलं. आत काळ्या पट्ट्यांचा जुडगा होता, कडक झालेला, बुरशीचा वास येणारा. पाठीवर फक्त हाताच्या पंजाएवढी एक रबराची पट्टी, कमरेवर दुसरी, आणि ठिकठिकाणी पोलादी कड्या. हवेची पिशवीसुद्धा पातळ, पाठीला चिकटून बसणारी.

"पाठ मोकळी राह्यली पाह्यजे. म्हनून हा," तो म्हणाला. "पाठीवर सिलिंडर असलं तं मानूस जाडा होते. बाजूनं लावलं तं मानूस रुंद होते, पन जाडी त्याची त्याचीच राह्यते. मोरी रुंद आहे, उंची नाई. त्या दगडावरून किती फट आहे?"

"दादा उतरायच्या आधी काठीनं मोजली होती. हातभर."

"हातभर." त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत स्वतःचाच हात पाहिला. "तुही छाती बसन. भूपेंद्रची नव्हती बसत."

त्या दिवसापासून निशा दर रविवारी आमगावला जाऊ लागली. तिला वाटलं होतं, पट्टा मिळाला की काम झालं. तसं नव्हतं. पहिले तीन रविवार ती पाण्याला शिवलीसुद्धा नाही. ईश्वरदासनं पट्टे तिच्या अंगावर चढवले आणि दुकानाच्या मागच्या अंगणात तिला वाकायला, वळायला, जमिनीवर पालथं पडायला लावलं. खांद्याचा पट्टा सैल असला की खडूची खूण करायची, उतरवायचा, बकलातून ओढायचा, पुन्हा चढवायचा. दोन्ही हात मागे नेऊन कमरेवरची कडी चाचपायची. "डोळे मीट. कडी कुठं आहे? दाखव. आता दुसऱ्या हातानं. तिथं दिसनार नाई तुले काही. बोटाले माहीत पाह्यजे."

सिलिंडरांचा प्रश्न आला तेव्हा तिनं भावाची दोन अ‍ॅल्युमिनियमची सिलिंडरं आणली. ईश्वरदासनं ती उचलून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हे रिकामं होत आलं की शेपूट वर उचलते. उघड्या पान्यात चालते, पट्टा सरकवून घेता येते. तिथं छताले घासन. लोखंडाचं पाह्यजे. जड असते, पन शेवटपावतर खाली राह्यते."

लोखंडाची दोन, थोडी बुटकी सिलिंडरं हिमांशूनं नागपूरहून आणली. हिमांशू भूपेंद्रचा जोडीदार. पूर्वी तोच गाडी चालवायचा, सिलिंडर भरून आणायचा. बेहडाटोल्याच्या त्या दिवशी तो तापानं घरी पडला होता, आणि तेव्हापासून निशासमोर त्याला नीट उभं राहता येत नसे. सिलिंडरं उतरवून तो म्हणाला, "दीदी, हवा मैंने खुद चेक की है," आणि गाडीकडे गेला.

दोन्हींच्या तोट्यांचे खटके एकाच बाजूला होते. ईश्वरदासनं एक तोटी बदलून घेतली, म्हणजे दोन्ही खटके बाहेरच्या बाजूला राहतील आणि हात सरळ त्यांच्यावर जाईल. प्रत्येक सिलिंडराच्या पोटाला पोलादी पट्टी आवळली, पट्टीला दोरीनं हूक बांधला. हा हूक कमरेच्या कडीत. वरच्या बाजूला, तोटीला, पाठीमागून काखेखालून येणारा जाड रबरी दोर. सिलिंडर काखेपासून कमरेपर्यंत अंगाला समांतर पडलं पाहिजे, ना खाली लोंबलं पाहिजे, ना पुढे आलं पाहिजे. त्यासाठी पट्टी कधी एक बोट वर घ्यायची, कधी अर्धं बोट खाली. रबरी दोर दोनदा कापला, दोनदा पुन्हा बांधला.

"गाठ मी मारू?" निशानं विचारलं.

"तूच मार. तुह्या अंगावरची गाठ दुसऱ्यानं मारायची नाई."

श्वासाच्या नळ्या दोन, वेगवेगळ्या सिलिंडराच्या. डावीची आखूड, तिचं तोंड गळ्यातल्या रबरी फासात हनुवटीखाली लटकणारं. उजवीची लांब, न वापरताना खांद्याच्या कडीत अडकवलेली. थोडा वेळ एकातून श्वास, थोडा वेळ दुसऱ्यातून, म्हणजे दोन्हीत हवा सारखी राहील आणि एक कधीही बंद पडलं तरी दुसऱ्यावर बाहेर येता येईल. हवेचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. निशा हे सगळं वहीत लिहून घेई. ईश्वरदासला ते पटत नसे. वही पाण्यात भिजते, तो म्हणायचा.

एक गोष्ट मात्र तिनं लिहिली नाही. पट्टा नीट करताना त्याच्या आतल्या बाजूला शाईनं काढलेल्या खुणा तिला दिसल्या होत्या, रुंद छातीच्या माणसाच्या मापाच्या. भूपेंद्रचं अक्षर तिला ओळखू आलं.

"हे दादाचं माप आहे," ती म्हणाली.

ईश्वरदासनं त्या खुणांवर अंगठा ठेवला. "मागायले आला होता तवा घालून पाह्यला होता त्यानं. खुना करून ठेवल्या. म्हने काका, आज नाई तं उद्या देसाल."

मार्चमध्ये कामठ्याच्या शेतातल्या विहिरीत सराव सुरू झाला. पाणी कमी आणि थंडगार. ईश्वरदासनं विहिरीच्या तळाशी एक लोखंडी पलंग सोडला आणि मुखवट्याच्या काचेवर आतून काळी चिकटपट्टी लावली. निशानं आंधळेपणी पलंगाखालून जायचं, पलीकडे वळायचं, परत यायचं. पहिल्याच दिवशी सिलिंडर पलंगाच्या पायात अडकलं आणि तिनं हिसडे देत ते सोडवलं. ती वर आली, मुखवटा काढून फेकला आणि कठड्याला डोकं टेकून रडली. ईश्वरदासनं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "अडकलं तं काय करायचं?"

"थांबायचं."

"मंग?"

"मागचा हूक सोडायचा. सिलिंडर पुढं फिरवायचं. हातानं समोर ढकलायचं."

"मंग काऊन नाई केलं?"

"भेव लागलं."

"लागू दे. भेव लागलं तरी हूक सुटते." त्यानं मुखवटा उचलून तिच्या हातात दिला. "चाल, आखरी एक खेप."

अशा किती खेपा झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. एप्रिलच्या शेवटी ती पलंगाखालून दोन्ही सिलिंडरं पुढे ढकलत, एक श्वासही न चुकवता जाऊ लागली.

घरात शांतीबाईला सगळं दिसत होतं. पोरगी रविवारी ओल्या केसांनी येते, खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ असतात. ती विचारत नव्हती आणि निशा सांगत नव्हती. एकदाच, भाकर वाढताना ती म्हणाली, "मले दोनच लेकरं होते." आई उठून चुलीकडे गेली आणि त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तहसील कचेरीतून परवानगीचा कागद आला. त्या दुपारी निशा घरी परतली तेव्हा शिलाई मशीन चालू होती. शांतीबाईनं जुनी मच्छरदाणी कापून दुहेरी घडीची लांबट पिशवी शिवली होती. तोंडाला नाडी, दोन्ही बाजूंना धरायला बंद.

"पोत्यात चिखल भरन," ती म्हणाली. "यातून पानी निघून जाईन. आनि जे आहे ते राहीन."

शिवण तिनं तिहेरी घातली होती. निशानं पिशवी हातात घेतली आणि दोन्ही बंद ओढून पाहिले.

बेहडाटोल्याच्या पाळीवर सकाळी आठलाच ऊन तापलं होतं. दोन पोलीस, तहसीलचा एक माणूस, गावातले पंधरा-वीस जण. मोरीच्या खालच्या तोंडाशी वाळूची पोती रचून घेतली होती, म्हणजे आतलं पाणी एकाएकी ओढ घेणार नाही. शकुंतलाबाई बाभळीखाली बसली होती. शांतीबाई आली नव्हती.

दोर ईश्वरदासच्या हातात. मागे हिमांशू. ईश्वरदासनं एकेक कडी, एकेक हूक हातानं चाचपून पाहिला. दोन्ही नळ्यांतून तिला श्वास घ्यायला लावला. मग म्हणाला, "लाकडाले हात लावू नोको. दगडाले धक्का देऊ नोको. तिसरा हिस्सा संपला की असशीन तिथून परत. हाती लागो का न लागो."

"हो."

"हो नाई. कबूल कर."

"कबूल."

ती उतरली. तलावाचं पाणी आधी चहाच्या रंगाचं, दोन पुरुष खोलीवर काळंभोर. मोरीचं तोंड तिला हातांनी सापडलं. घडीव दगड, शेवाळानं गुळगुळीत. कडेला एक छोटा मासा तिच्या बोटांना शिवून गेला. दिवा लावला तर समोर फक्त तपकिरी धूर दिसत होता. तिनं तो विझवला आणि डोळे मिटून घेतले. बंद डोळ्यांनी बरं वाटलं.

पोटावर सरकत ती आत गेली. डावा हात भिंतीला, उजवा पुढे. स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे छतावरून घरंगळत मागे जाताना ऐकू येत होते. आठ-दहा हात गेल्यावर खचलेला दगड लागला. तिरपा, एक टोक तळाला टेकलेलं. वर फट. तिनं पंजा उभा करून माप घेतलं. हातभरही नव्हती, चार बोटं कमीच.

ती थांबली. तीन श्वास घेतले. मागचे हूक सोडले, आधी डावा, मग उजवा. सिलिंडरं पुढे फिरवली आणि दोन्ही हातांनी फटीत ढकलली. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज दातांत शिरला. मग डोकं, मग खांदे. पाठ छताला आणि पोट दगडाला लागलेलं, श्वास सोडला तरच सरकता येत होतं. इथंच, तिला वाटलं. इथंच दादा. आणि तो विचार तिनं आहे तिथंच ठेवला आणि पुढे सरकली.

पलीकडे मोरी जरा मोकळी होती. तिनं दोराला एक हिसका दिला. तळातल्या गाळात हात फिरवताना बोटांना दोरी लागली. नायलॉनची, बारीक. तिला वाटलं गोवर्धनच्या कमरेची असेल. पण ती नवी होती, वळ अजून टणक. दोरीचं एक टोक दगडाच्या बाजूला मोकळं पडलं होतं, दुसरं पुढे जात होतं. ती दोरीच्या आधारानं गेली. दोन हातांवर कापड लागलं. शर्ट. शर्टाच्या आत पाण्यानं ठेवलं होतं तेवढं. आणि छातीभोवती दोरीचे दोन वेढे, त्यावर गाठ. तिनं ती गाठ बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपली. दोन वेढे घेऊन टोक परत खालून काढलेलं. दादानं तिला लहानपणी खाटेच्या पायाला बांधायला शिकवलेली गाठ.

म्हणजे तो जाताना अडकला नव्हता, इथवर पोचला होता. गोवर्धनला बांधून, दोरी सोडत तो परत फिरला होता.

किती वेळ ती तशीच पडून होती ते तिला नंतर सांगता आलं नाही. हवेचा काटा मुखवट्याच्या काचेला भिडवून दिवा लावला तेव्हा वेळ थोडा उरला होता. तिनं पिशवी काढली. ते काम कसं केलं याविषयी ती पुढे कधी कुणाशी बोलली नाही. घाई केली नाही, एवढंच.

परतताना दगडापाशी डाव्या नळीत गाळ शिरला आणि हवा आपोआप फसफसून बाहेर जाऊ लागली. तोंडात बुडबुड्यांचा लोट, कानात गोंगाट. तिनं उजवी नळी तोंडात घेतली, हात पुढे नेला, खटका बाहेरच्याच बाजूला होता, फिरवून डावं सिलिंडर बंद केलं. गोंगाट थांबला. दुसरं सिलिंडर नसतं तर, एवढंच क्षणभर मनात आलं. मग सिलिंडरं पुढे, त्यांच्यामागे ती, आणि तिच्या मागे पायाला बांधलेली पिशवी, अशी ती फटीतून बाहेर आली.

पाळीवर आल्यावर पहिल्यांदा तिला ईश्वरदासचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता.

"हिसके काऊन नाई दिले?" तो ओरडला. "तिकडं गेल्यावर एक बी नाई! मी ओढनार होतो!"

"दिले," निशा म्हणाली. "तीनदा दिले. एकेक."

ईश्वरदास हातातल्या दोराकडे पाहू लागला. आत तो खचलेल्या दगडाच्या काठावरून वळून गेला होता. पलीकडून दिलेला हिसका त्या काठातच जिरत होता, अलीकडे काहीच येत नव्हतं.

निशानं दोराचं टोक हातात घेतलं. ते दोन हिसके दगडाच्या अलीकडून आलेले, म्हणजे ते दोनच होते, तिनं चुकीचे मोजले नव्हते. दोन होते की तीन, साडेसात महिने ती त्या मोजणीत अडकून पडली होती. आणि पलीकडून त्यानं किती दिले, तीन तीन करून किती वेळ दिले, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"पोरी," ईश्वरदास हळू आवाजात म्हणाला, "तुही काही चुकी नव्हती."

तिनं मान हलवली. पट्ट्यांचे बकल तिला सुटेनात. हिमांशूनं पुढे होऊन सोडवले.

पोलिसांनी कागद केले. शकुंतलाबाई बाभळीखालून उठून आली. तिला कुणी अडवलं नाही. ती पिशवीजवळ गुडघ्यांवर बसली. जाळीतून शर्ट दिसत होता, एके काळचा निळा, आता कुठलाच रंग नसलेला, पण तिला निळा दिसला असावा. ती रडली नाही. तिनं पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"हे कोनं शिवलं व?"

"मायनं."

"तिहेरी शिवलं," शकुंतलाबाई म्हणाली, आणि बराच वेळ तशीच बोट फिरवत बसली.

जूनच्या सुरुवातीला तेरवी झाली. पंगतीत निशा आणि शांतीबाई दोघी बसल्या. गोवर्धनची बायको रुख्मिणी वाढत होती. निशाच्या पानाशी येऊन तिनं भात वाढला आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. निशानं पाय मागे घेतला. तिला ते सहन झालं नाही.

लोक तिच्याविषयी बोलत होते. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, त्यात नाव चुकलं होतं. कुणी म्हणालं, सरकारनं नोकरी दिली पाहिजे. कुणी हळूच म्हणालं, बाईच्या जातीनं असलं करू नये. निशा खाली मान घालून जेवली.

घरी परतल्यावर शांतीबाई ओसरीत टेकली. उन्हानं तिचा चेहरा उतरला होता. निशा पाण्याचा गडवा घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू?"

आठ महिन्यांत तिनं एकदाही काही विचारलं नव्हतं.

"विचार ना माय."

"तिथं अंधार होता का व?"

निशानं खोटं बोलायचं ठरवलं होतं, असा प्रश्न आला तर. पण तोंडातून निघालं ते खरंच. "हो. काहीच नाई दिसत. डोळे उघडे असले काय अन् मिटले काय."

शांतीबाई पाणी प्यायली. गडवा खाली ठेवला.

"दादा पोचला होता माय," निशा म्हणाली. "गोवर्धनपावतर पोचला होता. त्याले दोरी बांधली होती त्यानं. मी हात लावून पाह्यली."

"बांधली होती?"

"हो."

"मंग परत येऊन राह्यला होता."

"हो."

आईनं मान हलवली, हळूहळू, दोनतीनदा. परत येऊन राह्यला होता, असं तिनं पुन्हा स्वतःशीच म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर निशाला समाधानासारखं काहीतरी दिसलं, आणि ते पाहणं बाकी सगळ्यापेक्षा अवघड गेलं.

"दोर ओढून सांगता नाई आलं का त्याले?" शांतीबाईनं विचारलं.

निशा तिच्या शेजारी बसली. समोर अंगणापलीकडे नांगरटीची वाट पाहणारी शेतं पार टोकापर्यंत कोरडी दिसत होती.

"नाई माय," ती म्हणाली. "तेवढा वेळ नसन भेटला."